रायफलीवरच्या अक्षता

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण सांगते, हंबीरराव. ब्रह्मदेशच्या लढाईत ह्यांचा डावा गुडघा कायमचा आखडला. बनशंकरीच्या देवळापलीकडे आमचं भुईमुगाचं शेत, आणि शेतात रानडुकरं. घरात सासऱ्यांची दुनळी बंदूक होती. पण तिच्यात बार दोनच. ते फुकट गेले की पळावं लागतं, आणि ह्यांना पळता कुठं येतंय? अठ्ठावन्न साली कॉफीच्या मळ्यावरचा एक इंग्रज साहेब मायदेशी निघाला, तेव्हा ह्यांनी लायसन्स काढून त्याच्याकडून अमेरिकन रायफल घेतली. घोडा ओढला की गोळी सुटते, पुढची आपोआप चढते. वजनाला हलकी, खांद्याला धक्का कमी. हेच आता माझे पाय, म्हणायचे.

पण नखरे काय तिचे! गोळ्या सहज मिळत नाहीत, एका गोळीत डुक्कर पडेलच असं नाही, आणि आत कचरा गेला की बाईसाहेब रुसल्याच. रोज संध्याकाळी पुसायचं, तेल द्यायचं. जेवता जेवता उठून पुन्हा उघडून बघायचे. मला वैताग यायचा. माझी नाही कधी एवढी काळजी केली!

खंडेनवमीला आम्ही मराठे शस्त्रं देवापुढं मांडतो. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावत नाही. रायफल रिकामी आहे हे दिसावं म्हणून ह्यांनी बोल्ट मागं ओढून गोळी चढायची खाच उघडी ठेवली होती आणि मला बजावलं होतं, हिला नुसतं फूल वाहा. मी म्हटलं, तलवारीला अक्षता, दुनळीला अक्षता, आणि ही काय सवतीची? हे आंघोळीला गेले तशा मी मूठभर अक्षता वाहिल्या. मग ह्यांना कळू नये म्हणून वरवर झटकून टाकल्या.

दसऱ्याला फटफटायच्या सुमाराला डुकरं आली. हे रायफल उचलून तसेच निघाले. माझा थोरला भाऊ नागनाथ, आमचा अण्णा, सणाला आला होता, तोही काठी घेऊन मागोमाग गेला. पहिली गोळी डुकराला लागली, पण ते पडलं नाही, उलटून ह्यांच्याच अंगावर आलं. दुसरी गोळी अर्ध्यात अडकली. ह्यांना जागचं हलता येईना. अण्णा मध्ये पडला, आणि डुकरानं त्याची मांडी फाडली.

टाके घालून अण्णाला आमच्याकडेच आणला. दहा दिवस हे त्याच्या खोलीत गेले नाहीत. व्हरांड्यात नुसत्या येरझारा. ह्यांच्या चालायच्या काठीच्या टकटकीनं माझा जीव नकोसा झाला. येईल त्याला सांगायचे, गोळ्या जुन्या होत्या, मीच नीट बघून घेतल्या नाहीत. शेवटी मला राहवेना.

"मी अक्षता वाहिल्या होत्या," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. आत तांदळाचा दाणा सापडला."

"मग खोटं का सांगता?"

"त्याची जखम तू धुतेस. तुझ्या हाताचा त्याला राग यायला नको."

मला रडू नाही आलं, संताप आला स्वतःचा. तशीच आत गेले आणि अण्णाला सगळं सांगून टाकलं. आढ्याकडं बघतच तो म्हणाला, "दहा दिवस मी दाजींना मनात शिव्या घालतोय, भागी. त्या शिव्यांचं आता काय करू?"

टकटक थांबली होती. हे दारात उभे होते, आत यावं की नाही ते त्यांना कळेना. अण्णानं दुखरी मांडी दोन्ही हातांनी उचलून कडेला सरकवली आणि खाटेवर ह्यांच्यापुरती जागा केली.