आत कोणी नाही

तिसऱ्या खेपेलाही दिवस राहिले नाहीत, तेव्हा जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता काही महिने सगळं बंद. गोळ्या नाहीत, इंजेक्शनं नाहीत, तारखा धरून बसणं नाही. डोक्याला सुट्टी द्या." परतताना गाडीवर नवरा एवढंच म्हणाला, "बरं झालं." मलाही तसंच वाटलं होतं.

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये ती सुट्टी सुरू झाली. फ्रिजमधला इंजेक्शनांचा कप्पा मी रिकामा केला आणि तिथे लिंबं ठेवली. तरी इंजेक्शनाची वेळ झाली की पोटाची कातडी आपोआप आखडायची. दुपारी नवरा ड्यूटीवर गेला की प्लांटची घरघर तेवढी उरायची आणि तिच्या आतून कोणीतरी बारीक रडतंय असं वाटायचं. मी उठून खिडकी लावायचे. घरघर कमी व्हायची, रडणं नाही.

माणसंही बदलली. सासूबाईंचा चोपड्याहून फोन आला की पूर्वी पहिला प्रश्न 'काही गोड बातमी?' हाच असायचा. आता त्या केळीवरच्या करप्याबद्दल बोलत, उन्हाबद्दल बोलत आणि घाईने फोन ठेवत. शेजारीण मला बघितलं की लेकराचा हात धरून आत जायची. पुढे कळलं, नवऱ्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, हिच्यासमोर विषय काढू नका.

मला धुळ्याला, आईकडे जावंसं वाटत होतं. आई मात्र टाळत होती. एकदा म्हणाली, घराला रंग काढलाय. एकदा म्हणाली, नळाला पाणी नाही. शेवटी मी कोणालाच न विचारता निघाले आणि बसमधून नवऱ्याला फोन केला. बस कुठवर आलीय ते त्याने आधी विचारलं. मग म्हणाला, "जळगावला उतर. मी घ्यायला येतो."

"का?"

"काही नाही. ऊन फार आहे."

मी उतरले नाही.

दार आईने उघडलं, पण ती उंबऱ्यातून हलेना. भिंतींना रंगबिंग काही नव्हता. आतल्या खोलीचं दार घाईने लागलं आणि मागे बांगड्या वाजल्या.

"आत कोण आहे?"

"कोनी नही," आई म्हणाली. "तू बस. पानी आनस."

मी बसले. दारामागे कोणीतरी श्वास रोखून उभं होतं, हे मला इथे बसून कळत होतं. क्षणभर मला खरंच भीती वाटली. वाटलं, दुपारी क्वार्टरमध्ये ऐकू येतं ते रडणं माझ्या आधी इथे येऊन पोचलंय.

मग कडी निघाली आणि धाकटी बहीण बाहेर आली. ती सुरतेला सासरीच आहे असं मी धरून चालले होते. तिचं पोट चांगलंच पुढे आलेलं होतं. बाळंतपणासाठी माहेरी येऊनही तिला बरेच दिवस झाले होते.

"आई, बस झालं आता," ती म्हणाली. "मला नाही लपवत बसायचं."

आई रडायला लागली. "तुले तरास व्हई म्हनीसन नही सांगं, बेटा. जावाईंनीच सांगेल व्हतं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी तिच्या पोटाकडे बघत होते आणि मनात एकच येत होतं, की या घरात सगळे मला घाबरतात. मी येणार म्हणून दारं लागतात, बायका आवाज बारीक करतात, पोटुशी पोर कडी लावून बसते.

"डोहाळजेवण झालं?" मी विचारलं.

"झालं," बहीण म्हणाली. "आईने फोटो कुणाला पाठवू दिले नाहीत." मग ती माझ्या शेजारी बसली. "ताई, हात ठेवतेस?"

मी नको म्हटलं. थोड्या वेळाने तिनेच माझा हात धरून पोटावर ठेवला. आतून एक धक्का आला. मी हात काढून घेतला आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसले. नळाला पाणी भरपूर होतं.

दुसऱ्या दिवशी नवरा न्यायला आला. परतीच्या बसमध्ये म्हणाला, "माझं चुकलं. मला वाटलं, तेवढाच तुला आराम." मी म्हटलं, "मला सांगत जा. जे असेल ते." तेव्हापासून तो सांगतो.

बहिणीला मुलगी झाली. बारशाला मी गेले, पाळण्याची दोरीही ओढली. आमची सुट्टी मात्र लांबतच गेली. डॉक्टरीणबाईंना फोन करायचं दोघांपैकी कोणी काढत नाही. काही दिवस खरंच हलके जातात. मग मी कुठेतरी हळदीकुंकवाला जाते, पायरीवर चपला काढते, आणि आतला बायकांचा आवाज एकदम थांबतो. मला बघून सगळ्या हसतात, सरकून जागा देतात. मी त्या जागेवर बसते आणि कोणीतरी ऊन किती वाढलंय ते सांगायला लागतं.