साहेबांच्या स्कूटरचं इंजिन

शेजारच्या क्वार्टरमधले फिटरकाका त्या रविवारी आले नसते, तर माझी नोकरी गेली असती.

सातवीत शाळा सोडून, घरापासून लांब, मी भिलाईत प्लांटच्या उभारणीवर घण मारत होतो. टेंपररीच होतो. आमच्या साइटवरच्या साहेबांची स्कूटर बिघडली तेव्हा परमनंट व्हायच्या लोभानं 'मले येते' म्हणून बसलो. सेक्टर दोनमधल्या खोलीत इंजिन उघडलं. पिस्टनला नव्या रिंगा घातल्या, पण वरून सिलिंडर उतरेना. जे बसत नाही ते ठोकायचं, एवढंच कामावर शिकलो होतो. हातोडा उचलला.

"कावून ठोकून राहिला बे? गर्डर हाय का तो?" काका दारातूनच ओरडले. "रिंग तुटन! पिस्टनच्या खाचेत बारीक पिन हाय, रिंगच्या फटीची दोन टोकं तिच्या दोन बाजूले आन. मी हात नाही लावत, तूच कर."

नखानं रिंग फिरवली, दाबून धरली. सिलिंडर अलगद उतरला. तिसऱ्या किकला इंजिन सुरू झालं, तरी साहेब चक्कर मारून हसत परतेपर्यंत मी रस्त्यावरच उभा होतो.

काका आता वर्ध्याकडे राहतात. एक दिवस तिथं जाईन आणि सांगतील ते काम करून हे उपकार फेडीन.