न दिसणारा चोर

फोन गावाकडच्या कौसाबाईचा होता. सकाळी मी बीडच्या घरात चहाचं आधण ठेवलं होतं. "ताई, सर आमच्या बागंत बसल्यात, बोलंनात," एवढंच ती म्हणाली आणि मग नुसता तिच्या श्वासाचा आवाज येत राहिला. गॅस बंद केला की नाही हे मला आजही आठवत नाही. नेकनूरच्या गाडीत बसले तेव्हा काय झालंय ते कळलेलं होतं, आणि तरी वाटेत मी दादाला कसं रागवायचं याची उजळणी करत होते... सत्तरी उलटलेल्या माणसानं उपाशीपोटी पाण्याच्या बादल्या वाहायच्या असतात का, हे पहिलं वाक्य होतं. ते तसंच राहिलं. वाळलेल्या मोसंबीच्या बुंध्याला टेकून तो बसला होता, शेजारी एक बादली रिकामी आणि एक अर्धी. आता दीड महिना होत आलाय. लोक येतात, त्याच्याबद्दल चांगलं बोलतात, आणि ते चांगलं बोलणं ऐकून माझ्या अंगाची लाही लाही होते. का, तेच सांगायला बसले आहे.

माझा हा थोरला भाऊ बीडच्या कॉलेजात जन्मभर भौतिकशास्त्र शिकवत होता आणि मी त्याच गावात दुसऱ्या कॉलेजात गणित. आमचं भांडण एकच होतं, पण ते आम्ही आयुष्यभर पुरवून वापरलं. माझं म्हणणं, जग मुळात गणिताचंच आहे, आपण ते हळूहळू वाचायला शिकतोय. त्याचं म्हणणं, गणित म्हणजे आपण जगासाठी शिवलेला सदरा. कुठं सैल बसतो, कुठं काखेत काचतो. "सदऱ्याला अंग समजू नको, सुमे," तो म्हणायचा. क्वांटम शिकवताना तो बोअरचं उदाहरण द्यायचा. वर्गातल्या कितीतरी पोरांच्या शेतात बोअर कोरडा गेलेला असायचा, त्यामुळे सगळे कान टवकारून बसत. मशीन लावायच्या आधी खाली पाणी आहे का, असं तो विचारायचा. कुणी म्हणे आहे, कुणी म्हणे नाही, कुणी म्हणे पाणाड्याला विचारा. मग तो सांगायचा की आपल्याला माहीत नसलं तरी खाली ते ठरलेलं आहे. पाणी एक तर आहे, नाही तर नाही. इलेक्ट्रॉनचं तसं दिसत नाही. तो नेमका कुठं आहे हे मोजण्याआधी आपल्यालाच नव्हे, कदाचित खुद्द इलेक्ट्रॉनलाही ठाऊक नसतं. आपल्या हाती असतं फक्त शक्यतांचं एक समीकरण, आणि ते समीकरण हीच खरी वस्तू की वस्तूबद्दलची आपली माहिती, यावर मोठमोठी माणसं अजून भांडताहेत. पोरं हे सगळं भक्तिभावानं उतरवून घेत, आणि परीक्षेत यातलं काहीच येत नसे.

विश्वाच्या गणिताकडे वळला की तो आणखी चिडायचा. "विश्व समदीकडं सारखं हाय असं धरलं म्हणून समीकरण सुटलं. सुटलं म्हणून ते सारखं हाय, असं न्हाई," हे वाक्य मी जेवताना, लग्नात, एकदा तर दवाखान्याच्या बाकावर ऐकलं आहे. दीर्घिकांच्या कडेचे तारे आपल्या हिशेबापेक्षा जोरात फिरतात; मग तिथं डोळ्यांना न दिसणारं वस्तुमान आहे असं धरलं की हिशेब जुळतो. दादा त्याला 'न दिसणारा चोर' म्हणायचा. चोर असेलही, त्याच्या बाजूनं बरेच पुरावे आहेत, पण तो हाती लागेपर्यंत आपलं समीकरणही तपासत राहावं, असं त्याचं मत. यावर मी माझा हुकमी एक्का काढायची. वर्गसमीकरणात ऋण उत्तर आलं की आपण 'अग्राह्य' लिहून ते खोडतो. एका शास्त्रज्ञानं आपल्या समीकरणातलं असलं उत्तर खोडलं नाही, आणि पुढं खरोखरच उलट विद्युतभाराचा कण सापडला. कुणालाच माहीत नव्हतं ते समीकरणाला माहीत होतं! एवढं ऐकलं की दादा म्हणायचा, "चहा टाक."

वहिनीच्या मृत्यूनंतर तो गावी जाऊन राहिला. गावात पाण्याची सहकारी संस्था आहे. सभासदांनी आपापले बोअर बंद करून एक मोठी विहीर सामाईक केली, तिथून पाइपानं प्रत्येकाच्या बागेला पाळीपाळीनं पाणी जातं, आणि प्रत्येकाच्या फाट्याला पाणी सोडायची-तोडायची चावी असते. गेल्या साली पावसानं दगा दिला. दिवाळीच्या सुमारास संस्थेचे चेअरमन दादाकडे आले. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना निघायच्या आधी ठरवायचं होतं, की मोसंबी जगवायची की तिची आशा सोडून घरदार घेऊन जायचं. "सर, ह्या हिरीचं पाणी कुठवर पुरंल, तेवढं सांगा." दादानं कितीतरी दिवस विहीर मोजली, उपसा मोजला, समीकरण मांडलं. मला फोनवर सांगितलं, मीही ते सोडवलं. आमचं दोघांचं उत्तर एकच आलं, आणि जन्मात पहिल्यांदा आमचं भांडण झालं नाही. पाणी बेतानं वापरलं तर मृगापर्यंत पुरणार होतं. कौसाबाई दरसाल नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. या खेपेला नवरा एकटा गेला आणि ती बागेसाठी मागं राहिली. दादाच्या भरवशावर राहिली.

दादानं आणखी एक गोष्ट केली. एका लांब लोखंडी पाइपावर आडव्या रेघा रंगवून तो त्यानं विहिरीच्या आतल्या कडेला तळापर्यंत उभा करून घेतला. या आठवड्याच्या बाजारादिवशी पाणी या रेघेवर येईल, पुढच्या बाजाराला त्या. आणि पाणी यायचं! बाजाराला निघालेली माणसं पिशव्या खांद्याला अडकवून विहिरीत डोकावायची आणि हसायची. "पाणी बी सरांचं ऐकतंय की," असं चेअरमन म्हणाल्याचं दादानं मला हसत हसत सांगितलं होतं. संक्रांतीपर्यंत असं चाललं. मग पाणी रेघेच्या खाली गेलं. आधी बोटभर, मग वीतभर, मग बाजाराला दोन-तीन दिवस असतानाच रेघ उघडी पडू लागली. आता दुसऱ्या कुठल्या गावात काय म्हणाले असते? सरांचं काहीतरी चुकलं. आमच्या गावात म्हणाले, सरांचं गणित चुकणार नाही, म्हणजे कुणीतरी पाणी चोरतंय.

विहिरीला सगळ्यात जवळची बाग कौसाबाईची. नवरा दूर, घरात ती एकटी. कुणी तिची मोटार ऐकली नव्हती, कुणी पाइप पाहिला नव्हता, पण पाणी तर कमी होत होतं, आणि तेवढं पुरलं. संस्थेनं ठराव केला आणि तिच्या फाट्याची चावी बंद केली. ती चेअरमनच्या दारात उभी राहून म्हणाली, "मी न्हाई घेतलं. कावून माझ्यावर नाव घेताव?" चेअरमन वाईट माणूस नाही, त्यांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, "बाई, मी कुठं म्हणतोय? गणित म्हणतंय."

हे कानावर आलं तेव्हा दादा जेवत होता, तो ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी शिडी लावून विहिरीत उतरला. पाणी ज्या पातळीपासून भराभर खाली जायला लागलं होतं, बरोबर तिथंच विहिरीच्या भिंतीतला मुरूम संपत होता आणि काळा खडक सुरू होत होता. मुरूम पाणी धरून ठेवतो. खालच्या अखंड खडकात भेगांपुरतंच पाणी असतं. तेवढाच उपसा केला तरी तिथं पातळी झपाट्यानं उतरणार. दादानं वरपासून खालपर्यंत जमीन सारखीच धरली होती. सारखी धरली म्हणून समीकरण सुटलं होतं... आयुष्यभर ज्यावरून तो विश्वाचं गणित मांडणाऱ्यांशी भांडला, ती चूक त्यानं स्वतःच्या गावच्या विहिरीत केली, आणि त्याचा न दिसणारा चोर म्हणून एका खऱ्या बाईला उभं केलं गेलं.

त्यानं संस्थेची बैठक बोलवायला लावली. सगळं समजावून सांगितलं. चोर कुणी नाही, माझं गणित चुकलं, असं हात जोडून सांगितलं. लोकांनी मन लावून ऐकलं. मग चेअरमन म्हणाले, "सर, तुमचं मन लई मोठं हाय. पण तिला वाचवायसाठी तुमी सोताला कमी करून घेऊ नका." दादानं त्यांना विहिरीवर नेलं, मुरूम आणि खडक जिथं मिळतात ती जागा दाखवली. एक म्हातारे सभासद वाकून बघत म्हणाले, "खडक तर वाडवडलांपासून असाच हाय, सर. चोरी औंदा झाली." गणित ज्यांना कळत नव्हतं त्यांची त्याच्यावर श्रद्धा होती, आणि ज्याला कळत होतं त्याला ती श्रद्धा मोडता येईना. होळीला विहिरीचा तळ दिसला. सगळ्यांच्याच बागा गेल्या. तरी चोर कौसाबाईच राहिली, उलट पक्की झाली.

त्यानंतर दादा संपत गेला. मी डोळ्यांनी पाहिलं, आणि मला काहीही करता आलं नाही. टँकरचं जे पाणी वाट्याला यायचं त्यातल्या दोन बादल्या तो रोज सकाळी कौसाबाईच्या बागेत न्यायचा. ती नको नको म्हणायची, तो ऐकायचा नाही. आमच्या शेवटच्या भेटीत मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, मेलेल्या झाडांना पाणी घालून काय होणार? त्यानं दोन्ही बादल्या भिंतीशी पालथ्या घातल्या. मग म्हणाला, "सुमे, विश्वाचं गणित चुकलं तर दुसरं मांडता येतं. ताऱ्याला त्याचं काय बी वाटत न्हाई. ही बाई रोज माझ्यासमोर हाय." मी म्हणाले, तुझी आकडेमोड बरोबर होती, मीही तीच केली होती, तू जाणूनबुजून काही केलं नाहीस. तो म्हणाला, "तेच सांगतोय ना. आकडेमोड बरोबर हाय म्हणून तर कुणी ऐकंना." एवढा हताश माणूस मी पाहिला नव्हता. त्याला एकच हवं होतं, गावानं एकदा म्हणावं की कौसाबाईनं चोरी केली नाही. ते होईना, म्हणून बादल्या.

गेल्या आठवड्यात संस्थेच्या कार्यालयात त्याची शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत बसवलं. समोरच्या भिंतीवर दादाचा फोटो, त्याला हार, आणि फोटोखाली गावच्या पेंटरकडून रंगवून घेतलेलं त्याचं समीकरण... तेच, विहिरीचं. अक्षर सुरेख होतं, एक चिन्ह चुकलेलं नव्हतं. चेअरमन बोलताना खरोखर रडले. "असा माणूस पुन्हा व्हायचा न्हाई," ते म्हणाले. "सरांचं गणित कधी चुकलं न्हाई." माणसांनी माना डोलावल्या. मी मागं वळून पाहिलं. कौसाबाई दाराबाहेर उन्हात उभी होती. आत यायला तिला कुणी अडवलं नव्हतं, आणि कुणी ये म्हटलंही नव्हतं.

मी उभी राहिले. जे वाक्य मी उभ्या आयुष्यात उच्चारलं नव्हतं ते मोठ्यानं उच्चारलं. "चुकलं होतं. दादाचं गणित चुकलं होतं, माझंही चुकलं. तिनं पाणी घेतलेलं नाही." माझा आवाज फाटला. मग दोघी-तिघी धावत आल्या, मला धरून खाली बसवलं, एकीनं पाठीवरून हात फिरवला. "भाऊ गेल्याचं दुःख हाय, बोलू द्या," कुणीतरी हळू आवाजात म्हणालं. चेअरमननी स्वतः मला पाण्याचा ग्लास आणून दिला. त्या गावात पाण्याचा भरलेला ग्लास म्हणजे काय, हे मला माहीत होतं. तो मी हातात धरून बसले.

सगळे पांगल्यावर मी परत आत गेले. टँकर बाहेर आला होता, घागरींची रांग लागली होती, आणि कौसाबाईची घागर नेहमीसारखी सगळ्यांच्या शेवटी होती. मी ग्लासातल्या पाण्यात पदर भिजवला आणि समीकरणावरून फिरवला. एकदा, दोनदा, मग जोर लावून. पदर मळला. भिंत तशीच राहिली. रंग ऑइलपेंटचा आहे, तो पाण्यानं निघत नाही.