ठकीने ठरवलेला शेवट

ठकी डोंगरावरच्या वाडीतून खाली आमच्या कळंबला यायची. थंडीत आवळे, पावसाच्या तोंडाला शेवळाची रानभाजी विकायला, एरवी रिसॉर्टच्या बागेत झाडलोट. काम उरकलं की माझ्या पडवीत पाणी प्यायला टेकायची, आणि टीव्ही चालू दिसला की उंबऱ्यापाशी सरकायची. मी चौथीत शाळा सोडलेली, ती शाळेत गेलीच नाही. तरी पिक्चरचा शेवट आम्हा दोघींना आधीच कळतो, असा आमचा समज होता.

त्या दुपारी प्रेमाचा पिक्चर लागला. पोरगा-पोरगी मुंबईत एका खोलीत राहायला लागली, लग्नाचं नाव नाही. मी नाक मुरडलं.

"काय बाई थेरं! ना हळद, ना अक्षता."

ठकी आवळे निवडत होती. म्हणाली, "लावतील की गं मावशे. घाई काय हाय?"

तिचं बरोबरच होतं म्हणा. त्यांच्या वाडीत मन जुळलं की संसार मांडतात, आणि लग्न जमेल तेव्हा लावतात. मध्ये पोरंबाळं होतात, कुणाला त्याचं काही नाही. ठकी आणि तिचा घरधनी गजा, त्यांचंही तसंच. थोरली लेक मैना लग्नाला आली, तरी आईबापाचं राहिलेलंच.

पिक्चरमधल्या जोडप्याला मुलगी झाली आणि वीज गेली. ठकीचं काही अडलं नाही. पुढची गोष्ट तिने मनानेच जुळवली आणि वाडीभर सांगून टाकली: आईबापाचं लग्न लागतं, लेकच आईची करवली होते.

पुढच्या रविवारी तोच पिक्चर पुन्हा लागला. ठकी मुद्दाम लवकर आली. करवली बघायची होती.

नायकाला परदेशात नोकरी लागली. त्याने बॅग उचलली. ती म्हणाली, "आणि मी?" तो म्हणाला, "आपलं लग्न कुठं झालंय?" आणि ती बया हसली! लेकीला कडेवर घेऊन खिडकीतून हात हलवत राहिली. गाणं वाजलं, नावं वर सरकायला लागली.

"संपला?" ठकीने विचारलं.

"संपला गं."

"नाय. अजून असंल."

साबणाची जाहिरात आली, मग मंजनाची. ठकी डोळे न हलवता बसून राहिली. मीही गार पडले होते. नाक मुरडलं होतं खरं, पण असं व्हावं हे माझ्याही मनात नव्हतं.

"मावशे, मग मी गजाची कोण?"

"अगं, पिक्चर आहे तो!"

"तेच तं. पिक्चरात चांगलं दाखवत्यात ना? तितंच असं, मग हितं काय?"

टोपली तिथेच टाकून ती गेली.

घरी काय झालं ते तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. गजा अंगणात कुडाच्या काठ्या तासत होता. हिने उभ्या उभ्या त्याला अख्खा पिक्चर ऐकवला.

"पोर टाकून गेला?" गजाच्या हातातला कोयता थांबला. "कोण रं हा मानूस?"

"त्याचं लगीन नवतं झालं. तुजंबी नाय."

मग मात्र गजा भडकला. "येवढी वर्सं झाली, मी जाईन आसं वाटलंच कसं तुला?"

"वाटलं नाय," ठकी म्हणाली. "जाता येतं, ते कळलं."

गजाने पुन्हा कोयता चालवला. काठ्या तासून झाल्यावर म्हणाला, "मैनेच्या मांडवात आधी आपलं लावून टाकू."

फाल्गुनात लागलं. मी वऱ्हाडात, तेही नवरीकडून. आपल्या हळदीच्या अंगानेच मैना आईची करवली होऊन उभी राहिली. तेवढं ठकीने हट्टाने करून घेतलं. दोघांच्या मध्ये अंतरपाट म्हणून धोतर धरलं आणि मांडव गप्प झाला. तेवढ्यात अलीकडून ठकीचा आवाज आला.

"हायस ना रं?"

पलीकडून गजा म्हणाला, "कुटं जातो? सकाळपास्नं उपाशी ठेवलंय."

मांडव हसला. ठकी हसली नाही. धोतर खाली येईपर्यंत ती त्याच्या खालून दिसणाऱ्या गजाच्या पायांकडे बघत राहिली.