हीटचा काटा आणि गाडीची किल्ली

आमच्याकडं गाडी बिघडली की आधी शहाणे गोळा होतात, मेस्त्री मागून येतो. आणि तो मेस्त्रीही त्या शहाण्यांतलाच एक निघतो, फक्त त्याचे हात काळे असतात.

मी उभं आयुष्य सरकारी जीप चालवली. साहेब येत गेले, बदलून जात राहिले. जीप आणि मी तेवढे जागेवर. रिटायर झाल्यावर तामलवाडीला घरी आलो आणि एक जुनी गाडी घेतली. दर मंगळवारी बायकोला तुळजापूरला देवीला न्यायचं आणि परत आणायचं, एवढं एकच काम आता माझ्या नावावर उरलंय. बाकी घरात मला कुणी काही विचारत नाही.

तर या गाडीचा हीटचा काटा बिघडला. इंजिनातलं पाणी किती तापलं ते दाखवणारा, डॅशबोर्डवरचा. बरा मधोमध बसलेला असायचा आणि एकदम लाल पट्टीकडं उडायचा, की लगेच खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. मी गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडायचो, तर वाफ नाही, वास नाही, कुलंट काठोकाठ. इंजिन निवांत.

तुळजापुरात मेस्त्रीकडं गेलो. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "काका, सेन्सर गेला." उचलली जीभ लावली टाळ्याला. सेन्सर बदलला, काटा उडतच राहिला. दुसऱ्या मेस्त्रीनं इंजिनाचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट काढून कोपऱ्यात भिरकावला आणि वर मलाच सांगितलं, "आपल्या उन्हात ह्याची गरजच न्हाय." म्हणजे ज्यानं गाडी बनवली तो येडा आणि हा शहाणा. तिसरा रेडिएटर उतरवायला निघाला. त्याच्या हातातला पाना मी काढून घेतला आणि विचारलं, "बाबा रे, पातेलंभर पाणी उकळायला किती वेळ लागतो?" एका क्षणात पाणी उकळतं आणि दुसऱ्या क्षणात गार होतं, असं कुठल्या चुलीवर होतं का? चहा करणाऱ्या बाईला जे कळतं ते या पठ्ठ्याला कळेना. इंजिन ठीक होतं, काटा खोटं बोलत होता. पण खोटं का बोलत होता, ते मलाही सापडत नव्हतं, हेही कबूल करतो.

मग आमचे चिरंजीव मधे पडले. तुळजापुरात नोकरीला आहेत, खुर्चीवर बसून गाड्यांचे व्हिडिओ बघतात, त्यामुळं त्यांना सगळं येतं. गाडी घेऊन एक चक्कर मारून आले. काटा हलला नाही. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. काटा आपला मधोमध, शाळेतल्या हुशार पोरासारखा.

"अण्णा, काटा जागचा हलत न्हाय," तो म्हणाला. "तुम्हाला तसं दिसत असंल."

तसं दिसत असंल! ज्या माणसानं चिखलातून, घाटातून, बिनदिव्याची जीप काढली, त्याला काटा उडतोय की बसलाय ते दिसत नाही. मी काही बोलायच्या आत त्यानं खिळ्यावरची किल्ली काढून खिशात घातली. "आता गाडी राहू द्या. आईला मंगळवारी मी नेतो." सून भाजी निवडत होती, तिनं मान वर केली नाही. बायकोही गप्प. चोर सोडून संन्याशाला फाशी, ते हेच.

मला राग आला, लई राग आला. पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली भीती होती. काटा फक्त माझ्याच हाताखाली कसा उडतो? दोन मंगळवार तो तिला घेऊन गेला आणि मी ओट्यावर बसून राहिलो. खरंच आपल्याला भास होतोय काय, असं वाटायला लागलं.

पुढच्या आठवड्यात कळंबला सोयऱ्यांकडं कार्यक्रम होता. तो चालवत होता, मी शेजारी. सगळा रस्ता मी काट्यावरून नजर हटवली नाही. काटा झोपलेला. येडशी गेलं, पुढचे फाटे गेले, हा साहेब डावीकडं वळतोय, उजवीकडं वळतोय, इंडिकेटरला हात म्हणून लावत नाही. एकदा मी बोललो, तर म्हणतो, "रिकाम्या रस्त्यावर कुणाला दाखवायचा?" मी मात्र शेतातल्या पांदीतून रस्त्यावर येतानासुद्धा इंडिकेटर देतो. जीपवर लागलेली सवय आहे.

कळंबच्या चौकात पोलीस उभा होता. पोलीस दिसला की आमच्या अख्ख्या जिल्ह्याला इंडिकेटर आठवतो. चिरंजीवांनी दिला. टिक-टिक सुरू झालं आणि त्या टिक-टिकीबरोबर काटा लाल पट्टीकडं उड्या मारायला लागला.

"बंद कर," मी म्हणालो. काटा बसला. "आता दे." काटा उडाला. "हेडलाइट लाव." काटा वर गेला आणि तिथंच थरथरत राहिला. त्यानं गाडी कडेला घेतली. बराच वेळ काट्याकडं बघत होता, माझ्याकडं नाही.

मला तिथंच उलगडा झाला. डॅशबोर्डवरच्या दिव्यांची आणि काट्यांची अर्थिंगची वायर एकच असते. ती सैल झाली की दिव्याचा करंट काट्यातून वाट शोधतो. घरी आल्यावर स्टिअरिंगखाली आडवा झालो, त्या वायरचा बोल्ट शोधला. हिरवा गंज धरलेला. पॉलिश पेपरनं घासला, आवळला. संपलं. तीन मेस्त्री आणि एक चिरंजीव यांना मिळून एक बोल्ट सापडला नव्हता. मी हे त्याला दोनदा ऐकवलं, जेवताना तिसऱ्यांदा. त्यानं किल्ली आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. "चुकलं, अण्णा," एवढंच म्हणाला.

मंगळवारी सकाळी मी गाडी पुसून दारात उभी केली. बायको ओटीचं सामान घेऊन बाहेर आली, गाडीला वळसा घातला आणि फाट्याच्या वाटेला लागली.

"अगं, कुठं चाललीस?"

"यष्टीनं जाते."

"काटा दुरुस्त झालाय. आता तुला काय झालं?"

ती थांबली. "काट्याचं मला काय कळतंय? मागं गावाबाहेर मेंढरं रस्त्यात होती, ध्यानात हाय का? धनगर हात करत होता. मी वरडले म्हणून तुम्ही बिरेक मारला. पोराला मीच सांगितलं, ह्यांच्याकडनं गाडी काढून घे म्हणून. काट्याचं निमित्त मिळालं त्याला." मग जरा हळू म्हणाली, "तुम्ही त्या काट्याकडं बघत असाल तवा."

"व्हय," मी म्हणालो. "काट्याकडंच बघत होतो."

खोटं बोललो. त्या दिवशी काट्याकडं माझं लक्षसुद्धा नव्हतं. मी समोर रस्त्यावरच बघत होतो.