जवळ्याचा डबा

आज अलिबागच्या बाजारात पावसाळ्यासाठी सुकी मासळी घेत होते. विकणाऱ्या मावशीने मूठभर जवळा माझ्या नाकाशी धरला आणि मला तिथे उभंच राहवेना.

वीस वर्षं झाली. नागावच्या घरी आप्पा, माझे वडील, अंथरुणाला खिळले होते. आठ दिवस घोटभर पाण्याखेरीज त्यांच्या पोटात काही गेलं नव्हतं. मी पेज केली, मऊ भात केला, शहाळं आणलं, अक्षरशः पाया पडले. ते तोंड फिरवून घेत. त्या सकाळी मात्र त्यांनी आपणहून हाक मारली.

"बाय, जवला भाज गो. भाकरीसंगती खाईन."

मी धावतच चुलीकडे गेले. तवा ठेवला, डबा उघडला, तो खारट वास घरभर झाला, आणि भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. सोमवार. आमच्याकडे सोमवारी मासळी शिजत नसे, आणि हा नियम सगळ्यात कडक पाळायचे ते आप्पाच.

डब्याचं झाकण लावून मी दारात आले. "आप्पा, आज सोमवार हाय. उद्या भाजते."

त्यांनी जीभ चावली. दोन्ही हातांनी कान धरले आणि देव्हाऱ्याकडे बघत म्हणाले, "इसरलो गो."

मंगळवारी उजाडताच मी जवळा भाजला. त्यांनी तोंड उघडलं नाही, पुन्हा कधीच उघडलं नाही.

कसला वार आणि कसलं काय! आता मी सोमवारीही जवळा भाजते. पण झाकण काढलं की कान धरलेले त्यांचे ते हात दिसतात. कान खरं तर मी धरायचे होते.