डोळे मिटून तपासलेले हिशेब

शिगम्यानंतरचा रविवार. देवस्थानाचा वर्षाचा खर्च एक लाख बारा हजार चारशे. हजर तिघे: अध्यक्ष, खजिनदार म्हणून मी, आणि डिचोलीहून स्कूटरवर आलेले नवे ऑडिटर. सुर्ल्याच्या खाणीवर लेखापाल म्हणून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना भाई म्हणायचो.

मी फाइल पुढे केली. त्यांनी ती परत माझ्याकडेच सरकवली आणि डोळे मिटले.

"वाच. हांव आयकतां."

बिल न पाहणारा ऑडिटर तुम्ही पाहिला आहे? मला वाटले, हा अध्यक्षांचा माणूस.

"आपण पाहणार नाही?"

"ऑडिटर म्हळ्यार आयकपी. लॅटिन शब्द तो. आदीं हिशेब मोठ्यान वाचताले आनी ऑडिटर बसून आयकतालो. कागदाक घाम येना."

घरी मुलीच्या डिक्शनरीत पाहिले. मूळ शब्दाचा अर्थ ऐकणे असाच होता. पण शब्द बरोबर म्हणून माणूसही बरोबर, असे थोडेच असते? पुढच्या वर्षी मी मुद्दाम तेलाच्या बिलात शंभर वाढवून वाचले.

"परत वाच," भाई म्हणाले. "हे शंभर कोणाच्या दिव्यांत घातले?"

तिसऱ्या वर्षी मी वाचले, "गुप्तदान, तीन हजार."

"कोणें दिलें?"

"गुप्त म्हणजे नाव नसते, भाई."

"मग वाचतना तूं मदींच कित्याक थांबलो?"

ते तीन हजार माझे होते. जत्रेचे दशावतारी नाटक ठरवताना मंडळीच्या मालकाला मी देवस्थानाच्या पैशांतून नारळासोबत तेवढे आगाऊ दिले होते. नारळासोबतच्या पैशाची पावती मागायची आमच्याकडे पद्धत नाही. पावती नाही म्हणून विसरलो आणि नाटकानंतर पुरी बिदागी मोजली. चूक कळल्यावर गुपचूप खिशातून भरपाई केली. वीस वर्षांत माझा रुपया चुकला नव्हता. गावात माझे नाव तेवढ्यावरच होते.

हे सगळे मी भाईंना सांगून टाकले. "राहू द्या, भाई. देवाचे काही गेले नाही."

"देवाचें ना. तुजें गेलां."

त्यांनी लिहिले: खजिनदाराची चूक, नाटक मंडळीकडून येणे तीन हजार. तो कागद देवळाच्या फळ्यावर लागला. महिनाभर मी मागच्या दाराने देवळात जात होतो. याला माझे पद हवे आहे, अशी माझी खात्रीच झाली.

भाई वारल्यावर मंडळीचा मालक भेटला. म्हणाला, "तुमच्या पैशांसाठी दोनदा सावंतवाडीक इलो म्हातारो. पेट्रोलचे पैशेय घेयना."

यंदाच्या जत्रेत मालकाने बिदागी तीन हजारांनी कमी घेतली. अध्यक्षांनी ते तीन हजार माझ्या हातात दिले आणि व्हाउचर पुढे केले. घेणाऱ्याच्या रकान्यात मी माझे पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासकट.